सकाळी हवा उतरलेली, चाकं जाम: वाल्व बदलूनही परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ

संध्याकाळी ट्रक लावताना एअर ब्रेकच्या हवेचा काटा आठ बारवर होता. सकाळी चावी फिरवली तर दोनच्या खाली, बझर ओरडतोय आणि हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं हलत नाहीत, कारण हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या जोरावरच सुटतो. बराच वेळ इंजिन चालू ठेवल्यावर गाडी सुटते. फिटर येतो, एखादा बूस्टर (हवेच्या जोरावर ब्रेक लावणारा चाकाजवळचा डबा) नाहीतर वाल्व बदलतो. आठवडाभर बरं जातं आणि मग पुन्हा तेच.

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी या पट्ट्यात उसाचा सीझन लागला की ही तक्रार रोज कानावर येते. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून गाडी रात्रभर उभी असते. पहाटे रांग पुढे सरकते आणि नेमकी हीच गाडी जागची हलत नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागतात, कुणीतरी येऊन विचारतो आणि ड्रायव्हर हात हलवून कन्नडमध्ये सांगतो, "गाळी इल्ल री," म्हणजे हवा नाही हो. त्या घाईत जो पार्ट हाताला लागेल तो बदलला जातो.

गाड्यांच्या देखभालीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. बदललेला वाल्व थोड्याच दिवसांत परत गळायला लागला, तर दोष बहुतेक वेळा वाल्वमध्ये नसतो. त्याच्यापर्यंत पोचणारी हवाच खराब असते. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, काजळी असते. ती साफ केली नाही तर नवा वाल्वही जुन्याच्याच वाटेने जातो.

आधी गळती कुठे आहे ते ठरवा

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक सोडून तपासायचं आहे, त्यामुळे यात हयगय नको.

इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये ८ बारच्या आसपास ड्रायरमधून (कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा काढणाऱ्या डब्यातून) 'फुस्स' असा मोठा आवाज येतो. आता कॉम्प्रेसर टाकीत हवा भरायचा थांबला. हा आवाज कधी येतच नसेल तर तीही एक खूण आहे, ती लक्षात ठेवा. मग इंजिन बंद करा.

पहिली तपासणी हँडब्रेक सोडून, पायब्रेकला हात न लावता. काटा स्थिर झाला की एक मिनिट बघत राहा. दुसरी तपासणी पायब्रेक पूर्ण दाबून धरून. दाबल्या दाबल्या काटा थोडा खाली येणारच, ती गळती नव्हे. तो थांबल्यापासून एक मिनिट मोजा. अमेरिकेत जड वाहनाचा परवाना घेताना ड्रायव्हरला हे स्वतः करून दाखवावं लागतं. तिथला दंडक असा आहे: एकट्या ट्रकची हवा ब्रेक न दाबता मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये आणि ब्रेक दाबून धरल्यावर ३ पीएसआयपेक्षा. ट्रेलर जोडलेला असेल तर हेच आकडे ३ आणि ४ होतात. २ पीएसआय म्हणजे जेमतेम ०.१४ बार, काटा हललेला जेमतेम दिसतो. मापाला हे आकडे आपल्यालाही चालतात.

आता काटा काय सांगतो ते बघा. पायब्रेक दाबल्यावरच हवा उतरत असेल तर पायब्रेकचा वाल्व, रिले वाल्व किंवा एखाद्या बूस्टरचा सर्व्हिस, म्हणजे पायब्रेकच्या, बाजूचा डायफ्राम (रबरी पडदा) संशयित. हँडब्रेक सोडल्यावरच उतरत असेल तर मागच्या डबल बूस्टरची (पायब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावणाऱ्या) स्प्रिंगकडची बाजू, हँडब्रेकचा वाल्व आणि तिथल्या नळ्या बघा. दोन काट्यांपैकी एकच पडत असेल तर शोध त्याच सर्किटपुरता ठेवा, बाकीची गाडी उगाच खोलू नका. काटा थोडा उतरून एका जागी थांबत असेल तर गळती बहुधा क्लचचा बूस्टर, एक्झॉस्ट ब्रेक, हॉर्न असल्या जोडकामाकडे असते. तिकडची हवा गेली की प्रोटेक्शन वाल्व बंद होतो आणि ब्रेकची हवा राखून ठेवतो.

एक जागा बहुतेक जण विसरतात. इंजिन बंद करून ड्रायरच्या खाली हात धरा. तिथून सतत बारीक हवा लागत असेल तर ड्रायरचा वाल्व नीट बसत नाहीये. त्याच्या सीटवर घाण अडकलेली असते. 'रात्रीत हवा जाते' म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये ही गळती मी वारंवार पाहिली आहे. आणि त्याच गाड्यांचे मागचे बूस्टर त्याआधी बदलून झालेले असतात.

नेमकी जागा साबणाच्या पाण्याने सापडते. बादलीत कपड्याची पावडर घोळवा, जुना ब्रश घ्या, जोडांवर, बूस्टरच्या पट्टीभोवती, वाल्वच्या तोंडाशी लावा. मोठी गळती लगेच फेस काढते. छोटी गळती वेगळी असते. आधी काहीच दिसत नाही, मग एका बाजूला मोहरीएवढा बुडबुडा उभा राहतो, सावकाश फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. रात्रभरात टाकी रिकामी करायला एवढी गळती पुरते. म्हणून ब्रश फिरवून लगेच पुढे जाऊ नका, प्रत्येक जोडापाशी थोडं थांबा.

पाणी येतं कुठून

टाकीत कुणी पाणी ओतत नाही, ते हवेतूनच येतं. पावसाळ्यात, २५ अंश तापमानाला, खानापूर-आंबोलीकडच्या एक घनमीटर दमट हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर तीच हवा दाबून जवळजवळ एक नवमांश जागेत बसवतो. ती गार झाली की तेवढ्या जागेत अडीच ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. उरलेलं सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे साडेतीन चमचे पाणी, कुठेतरी थेंब होऊन पडणारच. ड्रायर चांगला असेल तर ते ड्रायरमध्ये अडतं आणि त्या 'फुस्स'बरोबर बाहेर जातं. ड्रायर थकला असेल तर टाकीत, टाकीतून नळ्यांत आणि नळ्यांतून वाल्वमध्ये पोचतं.

ड्रायरच्या कार्ट्रिजमध्ये ओलावा शोषणारे बारीक मणी असतात. त्यांना आयुष्य असतं. गाडीच्या पुस्तकात ते बदलायची मुदत दिलेली असते, पण आपल्याकडे 'चालतंय की' म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. इंजिन ऑइल बदलायची तारीख मालकाला तोंडपाठ असते. कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या तक्रारीचं अर्धं मूळ तिथेच आहे.

ड्रायर जिवंत आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दिवसाचं काम संपल्यावर टाक्यांच्या खालचे ड्रेन कॉक एकेक करून उघडा. खाली पांढरा कागद किंवा जुनं फडकं धरा. नुसती कोरडी हवा आली तर ड्रायर बरा. पाणी आलं तर कार्ट्रिज संपलंय. ताकासारखं पांढुरकं, बोटाला चिकट लागणारं पाणी आलं तर प्रकरण पुढे गेलंय. पाण्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळतंय, आणि आता नुसतं कार्ट्रिज बदलून भागणार नाही.

कॉकमधून काहीच येत नसेल, हवासुद्धा नाही, तर 'बरं आहे' म्हणून सोडू नका. गंज आणि चिखलाने कॉकचं तोंड बुजलेलं असतं. टाकीची हवा पूर्ण सोडा आणि मगच तो काढून साफ करा.

तेल आणि काजळी

कॉम्प्रेसर तेल का सोडतो? रिंगा झिजल्या हे एक कारण झालं. पण आपल्या भागात दुसरं कारण जास्त भेटतं, ते म्हणजे धूळ. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर आपली हवा इंजिनच्या एअर फिल्टरमधूनच घेतो. ऊस भरायला गाडी वावरात जाते, बैलगाडीच्या चाकोरीतून बाहेर येते, पुढच्या गाडीने उडवलेला फुफाटा दिवसभर खाते. फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरला हवा ओढायला जोर करावा लागतो आणि त्या ओढीत रिंगांच्या खालून तेल वर येतं.

ते तेल कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्यात आणि तिथून ड्रायरकडे हवा नेणाऱ्या डिस्चार्ज पाइपमध्ये जळतं, त्याचा कोळसा होतो. पाइप आतून अरुंद होत जातो. हवा बाहेर ढकलायला कॉम्प्रेसर आणखी तापतो, आणखी तेल जळतं. याच काजळीचे कण सुटून ड्रायरच्या वाल्वखाली आणि पुढे पायब्रेकच्या वाल्वपर्यंत जातात. तेल लागलेले कार्ट्रिजचे मणी पाणी शोषत नाहीत. पाणी, तेल आणि काजळी एकत्र झाली की रबराच्या सीलचा टिकाव लागत नाही. नवा वाल्व आठ दिवसांत गळतो तो यामुळे.

म्हणून कार्ट्रिज तेलकट निघालं तर डिस्चार्ज पाइप दोन्ही टोकांनी सोडवून आत बघा. बोट घालून काळी खरबरीत खपली लागली तर पाइप साफ करा किंवा बदला. पाइप बदलायचा तर मूळ मापाचा आणि मूळ लांबीचाच घ्या. हवा गार व्हायला ती लांबी ठेवलेली असते, 'शॉर्टकट'ने आखूड पाइप टाकला तर गरम हवा थेट ड्रायरमध्ये जाते. फिल्टर, पाइप, कार्ट्रिज या क्रमाने काम झालं, टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या, आणि त्यानंतरही तेल आलं, तर कॉम्प्रेसर खोला.

सैल स्लॅक आणि हवेचा खर्च

हवा कमी पडायला गळतीच लागते असं नाही, हवा जास्त खर्च झाली तरी तेच होतं. ब्रेकचे लायनर झिजले आणि स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) सैल राहिला की बूस्टरचा दांडा लांब सरकतो. दर ब्रेकला जास्त हवा जाते, कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, तो तापतो आणि वर सांगितलेलं तेल-काजळीचं चक्र सुरू होतं. साध्या ग्रीसिंगची आणि स्लॅक तपासणीची टाळाटाळ शेवटी ड्रायरपर्यंत पोचते ती अशी.

यातला खरा धोका घाटात आहे. बूस्टरवरचा नंबर म्हणजे डायफ्रामचं चौरस इंचातलं काम करणारं क्षेत्रफळ. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला दांडा २ इंचांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, २४ नंबरला पावणेदोन इंच. त्यापलीकडे गेला की जोर झपाट्याने घटतो. आता गाडी भरून उताराला लावा. कायद्याने १० चाकी ट्रकचं भरलेलं वजन २८.५ टनांपर्यंत असू शकतं. तेवढं वजन १०० मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते ती जवळजवळ पावणेआठ युनिट विजेइतकी. इंजिनने आणि एक्झॉस्ट ब्रेकने धरली नाही तेवढी सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि दांड्याला आणखी सरकावं लागतं. सपाटीवर चांगला लागणारा ब्रेक तवंदी घाटात किंवा आंबोलीच्या उतारावर पोकळ का वाटतो, त्याचं कारण हे आहे. थंड ड्रमवर दांडा मर्यादेला टेकलेला असेल तर गरम ड्रमवर त्याला जागाच उरत नाही.

नव्या गाड्यांना ऑटोमॅटिक स्लॅक असतो. तो पुन्हा पुन्हा पान्याने घट्ट करावा लागत असेल तर तो बिघडलाय, किंवा कॅमच्या बुशा, क्लेव्हिसच्या पिना झिजल्यात. पाना फिरवल्याने त्या दिवसापुरतं भागतं, बिघाड तसाच राहतो.

काय करू नये

काटा पूर्ण वर यायच्या आधी गाडी रेटू नका. डबल बूस्टरमधली स्प्रिंग हवेच्या जोरावर मागे सरते. पुरेशी हवा नसेल तर लायनर ड्रमला घासतच राहतो. रांगेच्या घाईत अर्ध्या हवेवर गाडी ओढली की यार्डातच लायनर जळायला लागतात, आणि त्याचा वास आला तरी लोक उसाची मळी म्हणून दुर्लक्ष करतात.

स्प्रिंग बोल्टने आवळून चाक मोकळं करायची सोय गाडी बाजूला घेण्यापुरती, टोचन करण्यापुरती आहे. बोल्ट तसाच ठेवून खेप मारणं म्हणजे हवा गेल्यावर गाडी थांबवणारा शेवटचा आधार काढून टाकणं. तसंच, स्प्रिंगच्या बाजूची पट्टी रस्त्यावर कुणीही खोलू नये. आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेण्याइतकी ताणलेली असते. तो बूस्टर अख्खा बदलायचा.

टाकीत स्पिरिट किंवा डिझेल ओतून 'साफ' करायचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. डिझेलने रबर फुगतं आणि सगळ्या वाल्वचे सील एकदम जातात. हे कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

वेळ कधी काढायचा

मालकांचं म्हणणं असतं, सीझनमध्ये गाडी उभी करायला सवड नाही. ते खरं आहे. पण या कामाला लागणारा वेळ बघा. रोज संध्याकाळी ड्रेन कॉक उघडून बंद करायला काही मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा हवेची एक-एक मिनिटाची चाचणी, स्लॅकचं माप आणि फिल्टर, तेवढ्याला यार्डातला रांगेचा वेळ पुरतो. ड्रायव्हर-क्लीनर तिथे बसूनच असतात. रात्री गाडी लावताना आणि सकाळी चालू करायच्या आधी काटा कुठे होता, एवढंच एका वहीत लिहायला लावा. महिनाभराच्या आकड्यांवरून हवा हळूहळू जास्त उतरायला लागलीय हे गाडी अडायच्या कितीतरी आधी कळतं. आणि ड्रायव्हरने पाणी निघाल्याचं सांगितलं तर त्याच्यावर चिडू नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

मोठ्या कामाला आपल्याकडे वर्षात दोन वेळा आपसूक येतात. एक खंडेनवमी. पूजेसाठी गाडी धुऊन उभी असतेच आणि गळीत हंगाम तोंडावर असतो. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत कार्ट्रिज, डिस्चार्ज पाइप, लायनर, बुशा, सगळ्या नळ्या बघून घ्या. चॅसीला घासलेली नायलॉनची नळी त्या वेळी सापडते, धुतलेल्या गाडीवर घासल्याची खूण स्पष्ट दिसते. दुसरी वेळ हंगाम संपल्यावर, पावसाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात.

त्यानंतर ज्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात त्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, पावसाळ्याच्या दमटपणात लायनर ड्रमला गंजाने धरून बसतो आणि टाकीच्या तळाला पाणी साचतं. अशी गाडी आठवड्यातून एकदा चालू करा, हवा पूर्ण भरा, थोडी पुढे-मागे घ्या, ब्रेक चार वेळा दाबा, आणि बंद केल्यावर टाक्या रिकाम्या करा. रबराचे सील हलते राहतात.

फिटनेस पासिंग झालंय म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ आहेत. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांनी होतं, त्यानंतर दरवर्षी. दोन वर्षांत कार्ट्रिजही संपतं आणि लायनरही. त्या प्रमाणपत्राने फक्त तपासणीच्या दिवशी गाडी बरी होती एवढं कळतं.

हे सगळं करूनही सकाळी हवा उतरलेली मिळाली तर फिटरला नुसतं 'हवा जाते' असं सांगू नका. कोणता काटा पडतो, ब्रेक दाबून की न दाबता, हँडब्रेक लावून की सोडून, मिनिटाला किती उतरते, ड्रेनमधून काय आलं आणि कार्ट्रिज कधी बदललंय, ही माहिती लिहून द्या. बदललेला जुना वाल्व परत मागून घ्या आणि तिथेच उघडायला लावा. आत गंजाचं पाणी किंवा काळा चिकट लेप दिसला तर नवा वाल्व बसवायच्या आधी ड्रायर आणि डिस्चार्ज पाइप बघायला सांगा.